राखणीची वही

योगराज सुट्टीवर आला तेव्हा तलाव निम्मा उतरला होता,
शिंगाड्याच्या वेली कुजून काठाला लागलेल्या,
आणि मासेमार संस्थेची वही माझ्याकडे होती.
तीन गावांची राखण. बॅटरी दोनदा लागली
तर आपला माणूस.
तीनदा लागली तर धावत या.
एवढाच करार. खाली सह्या,
आणि एक अंगठा फागोजी वलथरेचा. त्याला लिहिता येतं, तरी तो म्हणाला,
"सई कोनीबी ठोकते, अंगठा मातर माहाच लागते."

आईनं विचारलं, "थो समिंदर कोनाचा आहे?"
"कोनाचाच नाई."
"मंग राखता काहाले?"

योगराजनं ताटलीत मुरमुरे पसरले.
हा अरबांचा किनारा, ही आफ्रिका,
मधल्या फटीतून शेंगदाणे सरकवले, एकामागं एक:
ही तेलाची जहाजं, ही गव्हाची,
आणि हे, सोसायटीच्या गोदामातलं आपलं खत.
चार मिरच्या दोन्ही अंगांनी. त्या लढाऊ नौका.
आईनं बोलता बोलता एक जहाज खाल्लं.

सात देश होते म्हणे त्या पाण्यात.
सातांचे झेंडे वेगळे, सातांचे स्वयंपाकी वेगळे,
हुकूम ज्याचा त्याच्या राजधानीहून.
एकानं धरलेले चाचे दुसऱ्याच्या कायद्यात बसत नसत,
मग पाणी, बिस्किटं देऊन
त्यांच्याच होडीत बसवून सोडून द्यायचे.
"मंग काहाची दोस्ती?" मी म्हटलं.
तो म्हणाला, दोस्ती कागदावर लिहितात.
आमच्याकडं सोळा नंबरचा चॅनेल होता,
रात्रंदिवस उघडा.

त्यात एक आवाज होता, स्पेनच्या जहाजावरचा.
दर चार तासांनी आकडे सांगायचा,
अक्षांश, वेग, वारा, काही संशयास्पद नाही,
आणि शेवटी खोकायचा.
नाव विचारायची रीत नव्हती.
खोकला मात्र ओळखीचा झाला,
ओल्या गोणीवर काठी मारावी तसा.
चेहरा नाही, वय नाही.
पहाटे तीनला तेवढा खोकला आला
की योगराज चहा घ्यायला उठायचा.

एका पहाटे आला नाही.
त्यांच्या संसदेत कसलंसं मतदान झालं होतं.
नकाशावरचा त्यांचा चौकोन रिकामा,
आणि आमच्या जहाजाकडं आता दोन चौकोन.
"राग आला?"
"राग कोनावर? त्यांचं जहाज."
मग पुष्कळ वेळानं, ताटलीतले मुरमुरे गोळा करताना,
"चहा मातर गोड नाई लागला."

तो गोंदियाहून गाडीत बसला त्याच आठवड्यात
मांगलीटोला राखणीतून फुटला.
मरळीच्या वाट्यावरून. कोण किती किलो,
कोणाच्या जाळ्यात, कोणाच्या पोराला शिवी.
दोन बैठका झाल्या, तिसरीला त्यांचं कोणी आलं नाही.
सचिव म्हणाले, रकाना खोडून टाक, बाई.
मी रेघ मारायला पट्टी घेतली
आणि रेघ मारली नाही.
रोज तारीख घालते, त्यांची जागा कोरी ठेवते.

काल माझी पाळी होती, बाराच्या पुढची.
झोपडीत डास, पाण्यावर धुकं,
मधूनच कटला उसळल्याचा आवाज.
खैरीकडून दोनदा उजेड आला. मी दोनदा दिला.
मांगलीटोल्याचा काठ काळा तो काळाच.
अडीचच्या सुमारास तिकडं काहीतरी हललं.
डोंगा असेल. डुक्करही असेल.
मी काठी हातात घेतली, शिट्टी तोंडात धरली.

मग त्या काठावरून बॅटरी लागली.
एकदा. दोनदा. तीनदा.
मी चप्पल शोधत होते तोवर
चौथ्यांदा.

चार करारात नाही.
चोर असता तर त्यानं उजेड केला नसता.
आपला असता तर चुकला नसता.
कदाचित एखादं नवीन पोरगं, कोणी न सांगता
बापाची बॅटरी घेऊन बसलेलं.

वहीत लिहिलं:
अडीच वाजता, मांगलीटोला, चार वेळा.
अर्थ माहीत नाही.
उत्तर दिले, चार.